नारळांची तुला

राजिवड्यातून भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, भर उन्हात, मी ओरडलो. "आई गं, मेलो!" असं, पोटातून, पार लाजलज्जा सोडून. लूना विमल चालवत होती आणि मी मागे बसलो होतो. समोरून एसटी रस्त्याच्या मधोमध चढत आली, एसटी येते तशीच, आणि विमलनं जराही न बिचकता लूना कडेच्या दगडी गडग्याला घासून खाली काढली. एवढंच झालं. एसटी धूर सोडत वर गेली. गडग्यावर ऊन खात बसलेलं मांजरसुद्धा हललं नाही. माझा आवाज मात्र सायकलच्या दुकानापर्यंत पोचला होता. दुकानदार पंक्चर काढायची ट्यूब बादलीत तशीच बुडवून धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्याच दुकानाच्या फळीवर माझा फोटो चिकटवलेला होता आणि खाली लिहिलं होतं, वीरचक्र जाहीर झालेले रत्नागिरीचे सुपुत्र फ्लाइट लेफ्टनंट भिकाजी सखाराम शिवलकर यांचे हार्दिक अभिनंदन. फोटोतला मी मोठा धीरगंभीर होऊन लांब कुठेतरी बघत होतो. लूनावरचा मी उजव्या हातानं विमलची पर्स आवळून डाव्या हातानं सीटची कड धरून ती जीव खाऊन वर ओढत होतो. जणू ओढली असती तर लूना एसटीवरून उडून गेली असती.

विमलला हसू आवरेना. तिच्या हसण्यानं लूना डुगडुगत होती, त्यामुळे मी आणखी घाबरत होतो, आणि मी आणखी घट्ट धरलं की ती आणखी हसत होती. उतार संपेपर्यंत हे चाललं. लाज वाटायला हवी होती, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. गुडघे कापत होते, तोंडाला कोरड पडली होती, कानशिलं तापली होती, आणि मी ती एकेक खूण, हरवलेली किल्ली खिशात चाचपावी तशी चाचपून बघत होतो. भीती. ही भीतीच होती, दुसरं काही नव्हतं. कित्येक महिन्यांत माझी तिची गाठ पडली नव्हती. मी तिला ओळखलं आणि मला इतकं बरं वाटलं की पुढच्या वळणाला आणखी एखादी एसटी यावी असं मनात आलं. आली नाही. एसटी हवी तेव्हा कधी आली आहे?

विमलचा आणि माझा साखरपुडा मी शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत जाण्याआधी झाला होता. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून मुंबईच्या चाकरमान्यांना त्यांच्या आयांशी जोडून द्यायची आणि संध्याकाळी त्या लूनावरून मांडवीला घरी जायची. मला ती पहिल्या भेटीतच आवडली होती, हे मला चांगलं माहीत होतं. पण ते नुसतं माहीत होतं. आपली जन्मतारीख माहीत असते तसं. म्हणूनच आज मी तिला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन चाललो होतो, म्हणजे ती मला घेऊन चालली होती, आणि तिथे सुरूच्या झाडांखाली बसून मी तिला सांगणार होतो की हे लग्न नको. वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती. तुझ्यात काही कमी नाही. दुसरी कोणी नाही. माझ्यातच काही उरलेलं नाही, आणि अशा माणसाच्या गळ्यात तुला बांधणं बरं नव्हे. चांगली, सरळ वाक्यं होती. उताराच्या वरच्या टोकाला ती माझ्या तोंडात तयार होती आणि खालच्या टोकाला त्यातलं एकही सापडेना.

जाफन्याहून परत आल्यापासून मला काही वाटत नव्हतं. दुःख वाटत होतं, राग येत होता, असं असतं तरी चाललं असतं. लोकांना ते कळतं. मला काहीच वाटत नव्हतं. प्रजासत्ताक दिनाला वीरचक्र जाहीर झालं तेव्हा स्क्वाड्रनमध्ये मला खांद्यावर घेऊन नाचले. मी वरून छतावरच्या पंख्याची धूळ बघत होतो. रजेवर घरी आलो, आईनं दारात तुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं, मला पोटाशी धरलं, आणि मी मनात म्हणालो, आता इथे गहिवरून यायला हवं. आलं नाही. तिनं तिसऱ्यांचं सुकं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, समोर बसून विचारलं, "कसा झालाय?" मी म्हणालो, "फक्कड." हा शब्द मी जुन्या सामानातून शोधून काढून तिला दिला होता. हवाई दलाच्या डॉक्टरांनी डोळे, कान, छाती, सगळं तपासून उत्तम म्हणून सांगितलं होतं, आणि ते खरंच उत्तम होतं. रात्री झोपसुद्धा छान लागायची. चक्राच्या प्रशस्तिपत्रात म्हटलं होतं, 'स्वतःच्या जिवाची यत्किंचितही भीती न बाळगता'. यातही काही खोटं नव्हतं. पण भीती बाळगायला आधी ती जवळ असावी लागते ना.

वाडीतल्या लोकांना तर चक्र बघायचं होतं. मी आल्याचं कळताच सगळी वाडी आमच्या घरापुढच्या खळ्यात जमली. चक्र अजून मिळालेलं नाही, ते दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून मिळेल, आत्ता फक्त जाहीर झालंय, असं मी समजावून सांगितलं. लवू आजा आमच्या वाडीतले सगळ्यांत वडीलधारे, देवीचे मानकरी. ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. "म्हंजे साखरपुडाच झालाय म्हन की," ते म्हणाले, "लगीन व्हयाचाय." सगळे हसले. आईच्या चेहऱ्यावर मात्र शंका आली आणि रात्री जेवताना तिनं हळूच विचारलं, "भिक्या, फिरवनार तं नाय ना रे ते?" नाही फिरवत आई, म्हटलं, सरकारी आहे. आणि मग विमलच्या साखरपुड्याची आठवण येऊन घास घशात अडकला. म्हणजे अडकायला हवा होता. खरं तर तो मुकाट खाली गेला.

हेलिकॉप्टर चालवणं हा वजनाचा धंदा आहे. लोकांना वाटतं उडण्याचा आहे. उडणं आपोआप होतं. काळजी वजनाची करायची. माणूस समोर आला की आम्ही त्याचं नाव विचारायच्या आधी मनात वजन करतो. आमच्या साखरपुड्यात मी विमलच्या सगळ्या मामांची वजनं केली होती आणि दोन खेपा लागतील असा हिशेबही केला होता. ज्या दिवसासाठी चक्र जाहीर झालं त्या दिवशी जाफन्याबाहेरच्या एका शाळेत आमचे जवान अडकले होते. चारी बाजूंनी गोळीबार, मध्ये मैदान, मैदानाच्या टोकाला ताडांची दाट रांग. जखमींना न्यायला आम्ही उतरलो. शाळेची दारं उखडून त्यांवर माणसं घालून आणत होते. दारांवर खडूनं काढलेली चित्रं होती, एक मासा होता, एक बहुतेक मोर. मागे आमचा इंजिनिअर, एक केरळी वॉरंट ऑफिसर, माणसं आत घेत होता, आणि मग तो ओरडला, "बस साहब, और नहीं उठेगा." माझ्याही मनातला काटा केव्हाच पलीकडे झुकला होता. बाहेर अजून माणसं उरली होती. एक जण दारावर उताणा पडून माझ्याकडे बघत होता. मी त्याचंही वजन केलं. सडपातळ होता. मग मी म्हणालो, सबको लो. हे शब्द बोलताना मनात काय होतं, असं मला नंतर फार जणांनी विचारलं. खरं उत्तर असं की मनात बेरीज होती, आणि मी ती करायची सोडून दिली.

हेलिकॉप्टरात डाव्या हाताला एक दांडा असतो. तो वर ओढला की यंत्र वर उठतं. पण वजन फार झालं तर जितका दांडा ओढावा तितका डोक्यावरचा पंखा दमत जातो, त्याचे फेरे कमी होऊ लागतात, आणि यंत्र वर जाण्याऐवजी खाली बसायला लागतं. अशा वेळी हात किंचित खाली करायचा. वर जायचंय म्हणूनच खाली. पंख्याला दम घेऊ द्यायचा. शिकवणीत हे सगळ्यांना पटतं. पण मैदानावरून यंत्र धावत जाताना, ताडांची रांग अंगावर येत असताना, मागे माणसं कण्हत असताना, हात खाली करावा असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटणार नाही. माझा हात खाली गेला. मी नेला नाही; तो गेला. पंखा सावरला, यंत्र उचललं गेलं, ताडांची पानं पोटाला घासल्याचा आवाज आला, खूप लांबून कोणी झाडू मारावा तसा. सगळे वाचले. जो उताणा पडून बघत होता तोही. पलालीच्या तळावर उतरलो, शेपटाला पडलेली भोकं लोक मोजत होते, कोणीतरी मला चहा दिला. चहाला चव नव्हती. मला वाटलं चहाच वाईट आहे. दुसऱ्या दिवशीच्या चहालाही नव्हती, त्यानंतरच्याही. जड यंत्र हलकं करायला माणूस सामान बाहेर फेकतो तसं त्या मैदानावर मी बहुतेक काहीतरी फेकून दिलं होतं. काय फेकलं ते बघायला वेळ झाला नव्हता.

सुरूच्या झाडांखाली विमलनं लूना उभी केली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा माझ्याकडे बघून हसली. समोर ओहोटी लागली होती, वाळू ओली चकचकीत होती. "बोला," ती म्हणाली, "काय सांगायचं होतं तुम्हाला?" मी म्हणालो, "मला काही वाटत नाही, विमल." ठरवलेल्या वाक्यांपैकी हे नव्हतं. "तिकडून आल्यापासून. कशाचंच काही वाटत नाही. आईचं नाही, चक्राचं नाही." तुझंही नाही, हे मी बोललो नाही, पण ते तिनं ऐकलं. दिवसभर लोकांची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला बोलण्यातली गाळलेली जागा बरोबर कळत असावी. मग ती म्हणाली, "मघाशी तर चांगलंच वाटत होतं तुम्हाला. अख्ख्या राजिवड्यानं ऐकलं." मला हसू आलं. तेही कसंसंच, गंजलेल्या कडीसारखं, पण आलं. ती मात्र आता हसत नव्हती. "उद्या तुमची तुला आहे," ती म्हणाली. "लवू आजा गाऱ्हाण्यात आपल्या लग्नाचं घालणार आहेत, तुमच्या आई मला सांगून गेल्या. देवीपुढे एकदा घातलं की मोडायचं नाही, माझ्या घरचेही मोडू देणार नाहीत. तेव्हा नाही असेल तर त्याच्याआधी आईंना सांगा. मला नाही सांगितलंत तरी चालेल, मला कळेल." एवढं बोलून तिनं लूनाची किल्ली फिरवली. "आणि आता घरी चालत जाणार, की बसणार मागे?" मी बसलो. उतार आता चढ झाला होता, लूना कुंथत होती, अर्ध्यावर मला उतरून ढकलावी लागली, आणि सायकलवाल्यानं मला पुन्हा पाहिलं.

तुलेची गोष्ट अशी. लढाईच्या दिवसांत आई संध्याकाळी रेडिओ लावून भात शिजवायची. एके दिवशी बातम्यांत हेलिकॉप्टर हा शब्द आला. पुढचं काही न ऐकता ती चूल तशीच टाकून वाघजाईच्या देवळात गेली आणि नवस बोलली की माझ्या भिक्याला सुखरूप आण, त्याच्या वजनाचे नारळ तुझ्यापुढे घालीन. भात करपला. आईची आधीची दोन मुलं जगली नव्हती, म्हणून माझं नाव भिकाजी, देवीकडून भीक मागून घेतलेला; त्यामुळे माझ्या बाबतीत तिचा देवीशी जुना व्यवहार होता. वडील बोटीवर खलाशी होते, ते गेल्यावर तर तिला दुसरं कोणी भांडायलाही उरलं नव्हतं. पण बोलताना तिनं एक गोष्ट स्पष्ट केली नाही, आणि नवस फेडायच्या दिवशी सकाळी देवळापुढे सगळी वाडी त्यावरून भांडत होती. नारळ असोले की सोललेले? सोडणासकटचा, म्हणजे वरच्या सालीसकटचा, असोला नारळ जड, म्हणजे थोडक्यात भागतं. सोलून, शेंडी ठेवून घातला तर नारळ फार लागतात. प्रत्येक घरानं नारळ आणले होते, काहींनी असोले, काहींनी सोललेले, आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटत होतं. "देवीफुडं असोला नारळ कोन वाढवतो रे?" सगुणाकाकू म्हणाली. "वाढवायचा नाय, जोखायचाय," काशीराम म्हणाला, ज्यानं असोले आणले होते. "कोकणातला मानूस देवीला पन सोडान इकील," सोनूबाई म्हणाली. शेवटी लवू आजांनी आईला विचारलं, "यमुने, बोललीस तवा डोल्याफुडं कंचा नारळ आलता?" आई विचारात पडली. मग म्हणाली, "शेंडीचा." झालं. पुरुष खाली बसून काशीरामचे नारळ सोलू लागले, आणि काशीराम सगळ्यांत जोरात सोलत होता.

मी गणवेशात यावं अशी आईची फार इच्छा होती. मी आलोही तसाच, छातीवर नव्या पदकाची फीत लावून; चक्र हातात नसलं तरी फीत लावता येते. आजांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बूट सरकारी हायत," ते म्हणाले. "सरकारच्या बुटांच्या वजनाचं नारळ यमुनीनं का घालावंत?" मग टोपीही सरकारी, पट्टाही सरकारी, असं करत करत शेवटी मी बनियनवर आणि आईनं घरून धावत जाऊन आणलेल्या पंचावर उभा राहिलो. फाल्गुन लागायचा होता, आंब्यांवर मोहोर होता, त्याचा उग्र वास देवळाच्या आतपर्यंत येत होता. विमल तिच्या आईबरोबर बायकांच्या बाजूला उभी होती. निळं पातळ. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि त्या बघण्यात प्रश्न नव्हता, हे जास्त अवघड होतं. सकाळपासून मी आईला सांगायचं म्हणून तिच्या मागेमागे फिरलो होतो. ती नारळांना कुंकू लावत होती, एकेका नारळाला बोट टेकवत काहीतरी पुटपुटत होती. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा तिनं माझ्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाली, "धर, जड हाय का बग." दुसऱ्यांदा तिनं वर पाहिलं, तिच्या कपाळावर चुकून कुंकवाचं बोट लागलं होतं, आणि मी ते पुसून दिलं.

वखारीतून आणलेला मोठा काटा सभामंडपाच्या तुळईला टांगला होता, दोन्ही बाजूंना दोरांवर लाकडी पारडी. एका पारड्यात मी मांडी घालून बसलो. आमच्या वाडीची रीत अशी की तुलेत बसलेल्यानं उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोलला तर नवस अर्धा राहतो. आजांनी मला हे बजावलं आणि मला एकदम लक्षात आलं की आता आईला काही सांगायची वेळ निघून गेली. मी हात वर करून उतरू शकत होतो. कोणी आडवं आलं नसतं. पण तोवर समोरच्या पारड्यात नारळ पडायला लागले होते. एकेक घर पुढे येत होतं. सगुणाकाकूनं ठेवले, सोनूबाईनं ठेवले, काशीरामनं आपले घामाघूम होऊन सोललेले ठेवले. मी सवयीनं बेरीज करायला लागलो आणि लगेच चुकलो, कारण नारळ ठेवणारा प्रत्येक जण माझ्याकडे बघून काहीतरी बोलत होता. "बग, माज्या माडाचा हाय." "लहानपनी ह्याच माडावरना पडलावतास." मला बोलता येत नव्हतं म्हणून मी नुसता मान हलवत होतो. आणि मग दोर करकरला, पारडं एकदम थरथरलं, आणि माझ्या बुडाखालून जमीन सुटली.

फार नाही, वीतभर. पण मी आयुष्यात इतक्या वेळा जमीन सोडली आहे आणि अशी कधी सोडली नव्हती. माझा डावा हात कुठे ठेवावा तेच कळेना. ओढायला दांडा नव्हता, खाली करायला काही नव्हतं. मी काहीच करत नव्हतो. मला ती माणसं उचलत होती. कालची, उतारावरची भीती परत आली, आणि पाठोपाठ काहीतरी दुसरं वर आलं, ज्याचं नाव मला पटकन सापडेना, कारण फार दिवसांनी आलं होतं. मोहोराचा वास आला. म्हणजे मघापासून येत होता तो आता मला लागला. आईच्या हातातला शेवटचा नारळ दिसला. तो तिनं कपाळाला लावून पारड्यात ठेवला. करपलेला भात मी पाहिला नव्हता तरी दिसला. आणि तो दारावर उताणा पडलेला सडपातळ माणूस दिसला, त्याच्या पाठीखालचा खडूचा मासा दिसला, आणि तो वाचला, खरोखर वाचला, त्याची आईही कुठेतरी काही नवस बोलली असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझे डोळे भरून आले. मी सर्वांसमोर बनियनवर, पारड्यात, वीतभर अधांतरी, ढसाढसा रडत होतो आणि मला इतका आनंद होत होता की तो कुठे ठेवू असं झालं. लोकांना वाटलं देवी पावली. तसं म्हणायलाही हरकत नाही.

दोन्ही पारडी एका रेषेत आली, आजांनी बोटानं काटा थोपवला, आणि डोळे मिटून गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "हे आय वाघजाय, आज ही तुजी लेक यमुना तुला बोललेलं नारळ घेऊन तुज्या पायाशी आली हाय. ता गोड मानून घे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. "ह्या पोराला तू सात समुंदरापल्याडना आनलास. फुडं बी त्येच्या पंख्याला, त्येच्या इमानाला काय व्हऊ देऊ नको म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "औंदा मोहोर बराय, त्येला तुडतुडा लागू देऊ नको म्हाराजा!" हे सर्वांत मोठ्यानं झालं. मी विमलकडे बघत होतो. ती खाली बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "आनि," आजा म्हणाले, "वैशाखात ह्येचं मांडवीच्या विमलेशी लगीन ठरलंय, ता..." इथे त्यांना खोकला आला. म्हातारा माणूस, ते थांबले, छातीवर हात ठेवून दम घेऊ लागले. देवीकडे अजून काही मागितलंच नव्हतं. विमलनं वर पाहिलं. आणि मी, एकटाच, काल उतारावर ओरडलो होतो त्याहून मोठ्यानं ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

आजांनी एक डोळा उघडला. "कोन बोलला?" कोणीच सांगायची गरज नव्हती, पारडं अजून हलत होतं. "भिक्या, मेल्या, तुला दम निघंना?" ते म्हणाले, आणि मग जो हशा झाला तो बाहेर झाडांवरच्या कावळ्यांनासुद्धा सहन झाला नाही, सगळे उडाले. आई हसता हसता खाली बसली. तुला मोडली की नाही यावर पुन्हा भांडण झालं. गाऱ्हाण्यातला शब्द हा काही बोलणं नव्हे, असं काशीरामचं म्हणणं पडलं; पण आजा ऐकेनात. "मोडली ती मोडली. नारळ काडा. परत घाला." मग सगळे नारळ पारड्यातून काढले, घराघराप्रमाणे पुन्हा वेगळे केले, त्यात काशीराम आणि सगुणाकाकू यांचे नारळ एकमेकांत गेले म्हणून थोडी बाचाबाची झाली. मी उतरून पंचाची गाठ घट्ट करत उभा होतो. "बस रे," आजा म्हणाले. मी पारड्यापाशी गेलो, वर तुळईकडे पाहिलं, करकरणाऱ्या दोराकडे पाहिलं, आणि बोलायची मुभा होती तेवढ्यात बोलून घेतलं. "दोर नीट बघा रे कोणीतरी," मी म्हणालो. "मला भीती वाटतेय." अख्खी वाडी पुन्हा हसली, वीरचक्रवाला गंमत करतोय. विमल तेवढी हसली नाही. ती बायकांमधून पुढे आली, पदर खोचून तिनं दोन्ही हातांनी दोर धरला, सगळ्या अंगाचा भार टाकून ओढून पाहिला, आणि मला म्हणाली, "बसा."